शनिवारची बैठक आणि अडकलेली डेडलिफ्ट

प्रश्न : लोखंडवाला_४६
वय ४६, वजन ८० किलो. आठवड्यातून तीन दिवस जिम : सोमवारी स्क्वॉट, बुधवारी बेंच प्रेस आणि रोइंग, शनिवारी संध्याकाळी डेडलिफ्ट (जमिनीवरून बार उचलणं) ५ × ५, म्हणजे पाच सेट, प्रत्येकी पाच वेळा. त्याच शनिवारी रात्री मित्रांबरोबर बैठक, म्हणजे तीन-चार लार्ज व्हिस्की. बुधवारी कधीतरी एक स्ट्राँग बिअर. गेले चार महिने डेडलिफ्ट १०० किलोवरच आहे, सोमवारचा स्क्वॉटही जड जातो. बीपी १३६/८६. परवाच्या रिपोर्टमध्ये एसजीओटी ७४ आणि एसजीपीटी ६८ आलं (यकृताच्या तपासणीतली एन्झाइम्स), दोन्ही थोडं वर. रक्त सोमवारी सकाळी दिलं होतं. दारू पूर्ण सोडायचा विचार सध्या नाही. ट्रेनर म्हणतो बीसीएए (अमिनो ॲसिडची पावडर) घ्या. नेमकं काय बदलावं?

पेगमापी :
आधी ग्रॅममध्ये मोजा, पेगमध्ये नको. आपल्याकडची व्हिस्की ४२.८ टक्क्यांची. ६० मिली लार्जमध्ये साधारण २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. ६५० मिलीची ८ टक्क्यांची स्ट्राँग बिअर म्हणजे ४१ ग्रॅम, दोन लार्जच्या बरोबरीची. 'आज फक्त बिअर' हे वाक्य इथेच फसतं. १५० मिली वाइनमध्ये १४-१५ ग्रॅम. घरगुती फेणीच्या बाटलीवर टक्का छापलेला नसतो, तिथे हिशेबच सोडा.

चार लार्ज म्हणजे ८१ ग्रॅम. तुमच्या वजनाला हा किलोमागे बरोबर १ ग्रॅम पडतो, आणि हा आकडा महत्त्वाचा आहे. न्यूझीलंडमध्ये मॅथ्यू बार्न्स आणि सहकाऱ्यांनी मांडीच्या स्नायूंना मुद्दाम जबर ताण देऊन मग लोकांना दारू पाजली. किलोमागे १ ग्रॅम घेतलेल्यांची ताकद पुढचे दोन-एक दिवस जास्त घसरली. अर्ध्या ग्रॅमवर असा फरक दिसला नाही. त्या चाचण्या तरुण पोरांवरच्या होत्या. चाळिशीनंतर शरीरातलं पाणी कमी होतं, त्यामुळे तेवढ्याच पेगला रक्तातलं प्रमाण जास्त चढतं. म्हणून अर्ध्या ग्रॅमलाही 'सुरक्षित' म्हणणार नाही, पण तुमची मर्यादा कुठे असावी ते यावरून कळतं : दोन लार्ज.

यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम जाळतं. रात्री ९ ला सुरू केलेले चार पेग पूर्ण उतरायला सकाळचे ७ वाजतात. रविवारी पहाटे गाडी काढणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं, आपल्याकडे मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमची आहे.

दंडबैठक :
पेगमापी यांचा हिशेब बरोबर आहे. पण इथे घोळ वेळापत्रकाचाही आहे. दारू पिऊन दुसऱ्या दिवशीचा व्यायाम बिघडतो एवढंच लोक धरतात. खरा फटका आदल्या व्यायामाला बसतो. वजन उचलल्यावर २४ ते ४८ तास स्नायू प्रथिनं बांधत असतो आणि तुम्ही नेमकी तीच खिडकी दारूने भरता. २०१४ च्या एका अभ्यासात (पार, हॉली, कॉफी वगैरे मंडळी) व्यायामानंतर किलोमागे १.५ ग्रॅम अल्कोहोल दिलं. सोबत प्रोटीन घेऊनही बांधणी २४ टक्के कमी झाली, नुसत्या कार्बोहायड्रेटसोबत ३७ टक्के. तुमच्या वजनाला तो डोस सहा लार्जचा होतो, तुम्ही त्याच्या खाली आहात. पण दिशा तीच. बीसीएएच्या डब्याने ही गळती थांबत नाही, ते पैसे अंड्यांवर घाला.

असं करून बघा :
सोमवार : बेंच, रोइंग, खांदे. स्क्वॉट नको.
मंगळवार : स्क्वॉट ३ × ५.
गुरुवार : डेडलिफ्ट. ५ × ५ या वयात दर आठवड्याला फार होतं. जड सेट एकच, ५ वेळा, आणि मग १० टक्के कमी वजनाने दोन सेट. प्रत्येक सेटमध्ये आणखी दोनदा उचलता येईल एवढा दम शिल्लक ठेवूनच थांबा.
शुक्रवार, शनिवार : काही नाही, फार तर चालणं. रोमानियन डेडलिफ्ट, लंजेस असले हळू खाली जाणारे प्रकार शनिवारी अजिबात नकोत, स्नायू सर्वांत जास्त त्यांनीच दुखावतो.
रविवार : ३०-४० मिनिटं चालणं.

मंगळवारी वॉर्मअपमध्ये नेहमीच्या वजनाच्या ७० टक्क्यांवर बार संथ उठत असेल तर कामाचं वजन १० टक्के उतरवा आणि एक सेट कमी करा. रविवारी 'घाम काढून दारू उतरवू' म्हणून बारखाली जाऊ नका. दारूने लघवी जास्त होते, शरीर कोरडं पडतं, नाडी वर असते, झोपेचा दुसरा अर्धा भाग तुटक झालेला असतो. त्यात श्वास रोखून जड वजन उचललं की बीपी क्षणभर खूप उसळतं, आणि तुमचं मुळात १३६/८६ आहे. बैठकीनंतर दोन दिवस सोडून, सकाळी पाच मिनिटं बसून मोजा. १६०/१०० च्या आसपास दिसलं तर त्या दिवशी जड काही नाही, आधी डॉक्टर.

नलिका_आणि_स्लाइड :
त्या रिपोर्टबद्दल. एसजीओटी आणि एसजीपीटी फक्त यकृतात असतात हा गैरसमज आहे. दोन्ही स्नायूतही असतात, आणि जड व्यायामानंतर सात दिवस किंवा जास्तही वर राहू शकतात. शनिवारी डेडलिफ्ट, शनिवारी दारू आणि सोमवारी रक्त : यातून गुन्हेगार कोण हे सांगता येत नाही.

पुन्हा करताना निदान आठवडाभर वजनं बंद ठेवा, आणि सोबत जीजीटी (यकृताचं एन्झाइम) व सीपीके (स्नायूचं एन्झाइम) सांगा. सीपीके वर आणि जीजीटी नॉर्मल असेल तर बोट स्नायूकडे. जीजीटी वर, एमसीव्ही (लाल रक्तपेशींचा सरासरी आकार) १०० च्या पुढे आणि एसजीओटी एसजीपीटीच्या दुप्पट, असं चित्र असेल तर दारूकडे. दोन्ही वर आले तर दोन्ही कारणं. जीजीटी हळू उतरतं, म्हणून चार आठवडे कोरडे ठेवून मग पुन्हा तपासा. सोनोग्राफीबद्दल डॉक्टरांना विचाराच, पोट सुटलेल्यांना दारूशिवायही चरबीयुक्त यकृत असतं. क्रिएटिन (जिमवाले घेतात ती पावडर) घेत असाल तर ते सांगा, त्याने क्रिएटिनिन (किडनीच्या तपासणीतला आकडा) किंचित वर दिसतं आणि उगाच किडनीची भीती बसते.

गोळ्यांचं राहिलं. अंग दुखतं म्हणून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक आणि त्यावर पेग, हे पोटातल्या रक्तस्रावाला आमंत्रण. पॅरासिटामॉल आणि दारू यकृतावर. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड किंवा इन्शुलिन चालू असणाऱ्यांनी व्यायामानंतर रिकाम्या पोटी प्यायल्यास साखर धोकादायक खाली जाऊ शकते. यूरिक ॲसिडवाल्यांनी बिअर तर आधी सोडावी.

चखणा_विरोधी_पक्ष :
चार लार्ज म्हणजे नुसत्या अल्कोहोलच्या सुमारे ५७० कॅलरी, ग्रॅमला ७ प्रमाणे. त्यात १०० ग्रॅम शेंगदाणे घातले की आणखी ५७०. फरसाण, मसाला पापड वेगळं. 'मी तर रात्री जेवलोच नाही' म्हणणाऱ्यांचंही पोट असंच वाढतं.

पहिल्या पेगआधी जेवा, मध्ये किंवा शेवटी नको. ८० किलोला दिवसाला १३० ग्रॅम प्रथिनं धरा, त्यातली ३५-४० या जेवणात : शिजवलेलं १५० ग्रॅम चिकन किंवा १५० ग्रॅम पनीर आणि दोन अंडी. डाळ-भातावर हे भागत नाही, वाटीभर डाळीत ६-७ ग्रॅमच असतात. टेबलावर उकडलेली अंडी, भाजलेले चणे, काकडी. तासाला एक पेग आणि प्रत्येक पेगमागे एक ग्लास साधं पाणी. शेवटचा पेग झोपेआधी तीन तास.

लोखंडवाला_४६ :
आभारी. वेळापत्रक पुढच्या सोमवारपासून बदलतो. बुधवारची बिअर ठेवली तर गुरुवारी काय होईल?

दंडबैठक :
गुरुवारच्या डेडलिफ्टची आदली रात्र आहे ती, आणि ४१ ग्रॅम म्हणजे तुमच्या शनिवारच्या मर्यादेएवढी. झोप मोडली की पकडही ढिली पडू शकते आणि लक्षही. काढून टाका.

नलिका_आणि_स्लाइड :
रिपोर्टसाठी चार आठवडे कोरडे जाणारच आहेत, तर तेवढ्यात वहीत प्रत्येक सेट, झोपेचे तास आणि सकाळची नाडी लिहा. बैठक पुन्हा सुरू झाल्यावर पुढचे चार आठवडेही तसेच लिहा. फरक स्वतःच्या आकड्यांत दिसेल. हा सल्ला शनिवार-शनिवार पिणाऱ्यांसाठी आहे. रोज पिणाऱ्याने एकदम थांबू नये. हात थरथरणं, घाम, फिट्स हे पहिल्या दोन दिवसांतच होऊ शकतं, ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायचं. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, आणि १४४१६ हा टेलि-मानसचा (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) क्रमांक कुठूनही लागतो.

पेगमापी :
एक राहिलं. घरी ओतताना पेगमेजर वापरा, त्याची ३० ची बाजू दोनदा. ग्लासाच्या बोटभर खुणेने ओतलं की ६० चे सहज ८०-९० होतात, मग वरचा सगळा हिशेब बोंबलला.