मदत हवी आहे: ओल्या अन्नाला हातही न लावणारी सव्वातीन वर्षांची मुलगी

नमस्कार. आम्ही बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातील एका खेड्यात एकत्र कुटुंबात राहतो. माझी मुलगी चुरमुरे, कडक भाजलेली भाकरी, बिस्किटे असे कोरडे पदार्थच खाते. वरणभात, दहीभात किंवा नाचणीची आंबील समोर आली की मान फिरवते आणि बोटाला एखादे शीत चिकटले तरी हात पुसून देईपर्यंत रडते. घरचे याला हट्ट म्हणतात. मला तसे वाटत नाही, कारण यंदा रोप लावणीच्या वेळी बाकीची मुले चिखलात लोळत असताना ही बांधावर पाय आखडून उभी होती. म्हणजे अडचण चवीपेक्षा ओल्या स्पर्शाची असावी. वजन ठीक असून गिळण्यात दोष नाही, असे बालरोगतज्ज्ञांनी तपासून सांगितले आहे.

खाण्याचा आग्रह न करता मुलांना अन्नाशी खेळू द्यावे, आधी नुसते पाहणे, मग चमच्याने ढवळणे, मग एक बोट, मग पूर्ण हात असे सावकाश पुढे जावे, हे वाचून मी महिन्यापूर्वी सुरुवात केली. परातीत चुरमुरे ओतून त्यात वाट्या लपवल्या, ते तिला फार आवडले. नंतर नाचणीचे पीठ दिले (कच्चे तोंडात जाऊ नये म्हणून भाजून, शेंगदाणे आणि वाटाणे घशात अडकतील या भीतीने खेळात घेतच नाही). त्यातही ती रमली. मात्र पिठात चमचाभर पाणी पडले आणि खेळ तिथेच संपला. दहा दिवस झाले, आम्ही त्याच पायरीवर आहोत.

अन्नाचा असा चिखल करणे सासूबाईंना पटत नाही आणि भात पिकवणाऱ्या घरात ते पटू नये, हेही मला समजते. उरलेले पीठ म्हशीच्या आंबोणात जाऊ लागल्यापासून त्या जरा निवळल्या आहेत.

कोरड्यातून ओल्याकडे जाताना मधली पायरी कोणती ठेवावी? हातात भाकरीचा तुकडा देऊन त्यानेच पीठ कालवायला सांगितले तर चालेल का? ओला रुमाल शेजारी ठेवून लगेच हात पुसू द्यावा, की त्याने किळस वाढते? खेळाची परात आणि जेवणाचे ताट यांत किती वेळाचे अंतर असावे? बेळगावात मराठी बोलणारे, लहान मुलांच्या अशा तक्रारींवर काम करणारे ऑक्युपेशनल थेरपिस्ट कोणाला माहीत असल्यास कृपया कळवावे, कारण मुलीला कन्नड अजून अंगणवाडीतल्या दोन गाण्यांपुरतेच येते.