ए विंगच्या नव्या दरवाजाची गोल मूठ

मेधा कुलकर्णी, ए-३०४ (स. ७:४२)
नमस्कार. ए विंगच्या लॉबीला जो नवा काचेचा दरवाजा बसवलाय त्याची गोल मूठ मला फिरवता येत नाही. आज दूध घेऊन परत आले आणि बाहेरच अडकले. बोटं मिटतच नाहीत सकाळी, मूठ हातात घसरते, आणि फिरली तरी दरवाजा ओढायला फार जोर लागतो. पेपरवाला आला म्हणून आत येता आलं. कृपया गोल मुठीऐवजी खाली दाबायचं हँडल बसवावं. कोपराने तरी उघडेल.

गोखले काका, बी-१०१
जुन्या दरवाजाला तेच हँडल होतं. कुत्री पंजा मारून उघडत होती. म्हणून गोल मूठ घेतली. मिनिट्समध्ये आहे.

शिंदे वहिनी, ए-१०२
हो ना, आमच्या दारातल्या चपला कोणी खाल्ल्या ते सगळ्यांना माहीत आहे.

पाटील, बी-४०३
वहिनी, एकच चप्पल खाल्ली होती. दुसरी अजून जिन्याखाली पडून आहे 😀

देशमुख (सेक्रेटरी)
नमस्कार मेधाताई. आपली अडचण समजली. परंतु दरवाजाचा खर्च सर्वसाधारण सभेत मंजूर झाला, त्या वेळी कोणाचीही हरकत नव्हती. सध्या वॉचमनला सांगून ठेवतो, तो उघडून देईल.

मेधा कुलकर्णी, ए-३०४
वॉचमन सकाळी पंप चालू करायला मागे असतो, देशमुख साहेब. आणि सभेत दरवाजा दाखवला होता, मूठ नव्हती दाखवली.

पाटील, बी-४०३
विषय निघालाच आहे तर पार्किंगचे पट्टे कधी मारणार?

देशमुख (सेक्रेटरी)
पाटील, एका वेळी एक विषय. कृपया.

शिंदे वहिनी, ए-१०२
मेधाताई, राग नका मानू. पण मंगळागौरीला तुम्ही आमच्याबरोबर फुगडी घातलीत. हात तेव्हा बरे होते का?

मेधा कुलकर्णी, ए-३०४
हो, त्या संध्याकाळी बरे होते. दोन दिवस बरे जातात, तिसऱ्या दिवशी कंगवा धरवत नाही. दुपारी मी पोळ्या लाटते आणि त्याच दिवशी सकाळी मला ब्लाउजची हुकं लावता आलेली नसतात. खोटं वाटतं लोकांना, म्हणून बोलायचं टाळते. आज बोलले कारण बाहेर पावसात उभी होते.

गोखले काका, बी-१०१
ताई, वाईट वाटलं. टोमॅटो, डाळी, पालक बंद करा. युरिक अ‍ॅसिड वाढतं त्याने. माझ्या मेव्हण्याचा अंगठा महिन्यात बरा झाला.

रसिका, बी-२०४
काका, तो गाउट. युरिक अ‍ॅसिडचा त्रास वेगळा. मेधामावशींना र्‍हुमॅटॉइड आहे. त्या संधिवातात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्याच्या आतल्या अस्तरावर हल्ला करते. डाळी बंद करून उपयोग नाही, उलट प्रथिनं कमी पडतील.

साने आजी, ए-२०१
मला पण गुडघ्याचा आहेच. वय झालं की होणारच बाळांनो. मी नाही तक्रार करत.

रसिका, बी-२०४
आजी, तुमच्या गुडघ्याची झीज झाली आहे. तुम्ही उठल्यावर चार पावलं टाकलीत की मोकळं होतं ना? र्‍हुमॅटॉइडमध्ये सकाळचा ताठरपणा तासभर किंवा त्याहून जास्त टिकतो, बोटांची पेरं आणि मनगटं दोन्ही बाजूंना सुजतात, आणि थकवा इतका की आंघोळ करून पुन्हा पडावंसं वाटतं. आणि तो फक्त म्हातारपणीच होतो असं नाही. तिशी-चाळिशीतही होतो, आणि बायकांना पुरुषांपेक्षा दुपटी-तिपटीने जास्त. मी फिजिओ आहे, रोज बघते. मूठ आवळणं आणि पिळणं ही त्या हातांची सगळ्यात वाईट कामं. गोल मुठीत नेमकी तीच करावी लागतात.

गोखले काका, बी-१०१
मान्य. पण कुत्री उघडणार. पुन्हा सांगतो, मिनिट्समध्ये आहे.

साळुंखे, बी-५०२
हा मेसेज डिलीट केला आहे

पाटील, बी-४०३
साळुंखे काय डिलीट केलंत? पार्किंगबद्दल होतं का?

साळुंखे, बी-५०२
नाही. घरच्यांबद्दल होतं. लिहू की नको कळत नव्हतं. हिला पण हेच निघालंय. अडतीस वय आहे. गोळ्या सुरू केल्यात. हिने कोणाला सांगू नको म्हटलं होतं, आता तीच म्हणते लिहा. सकाळी मुलांच्या डब्याची झाकणं लागत नाहीत, कुकर उघडत नाही आणि मग रडते. काय करता येईल घरात?

मेधा कुलकर्णी, ए-३०४
दादा, तिला माझ्याकडे पाठवा. आधी थोडं लिहिते. उठल्या उठल्या कामाला लागायचं नाही. टबात सोसेल इतकं कोमट पाणी घेऊन हात बुडवायचे आणि पाण्यातच बोटं उघडमीट करायची. कणीक रात्री मळून फ्रिजमध्ये, तीही हाताने नाही, फूड प्रोसेसरमध्ये. डब्याला घट्ट स्टीलची झाकणं नकोत, क्लिपवाली घ्या आणि क्लिप बोटाने नाही, मनगटाजवळच्या तळहाताने दाबा. कुकर, कढई, पातेलं सगळं दोन कानांचं हवं. एका हाताने सांडशीत पातेलं धरून भात वेळायचा नाही. पातेलं रिकामंच गॅसवर ठेवून तांब्याने पाणी भरायचं.

साने आजी, ए-२०१
हे मलाही जमेल गं.

मेधा कुलकर्णी, ए-३०४
आणि एसीच्या पाइपवर काळा फोम असतो ना, तो हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. कापून चमचा, टूथब्रश, पेन, कंगवा सगळ्यांवर चढवलाय मी. दांडा जाड झाला की मूठ आवळावी लागत नाही. फक्त गॅसजवळच्या उलथन्याला नको, वितळेल. बरणी उघडायला रबरी हातमोजा. व्हॅक्यूमचं झाकण असेल तर आधी चमच्याच्या टोकाने कड उचकटून हवा आत सोडायची. फडका पिळायचा नाही. नळाला वेढा घालून दोन्ही टोकं एकत्र धरायची आणि तळव्यांमध्ये दाबत पाणी काढायचं. भाजीची पिशवी बोटांना लटकवायची नाही, खांद्याला किंवा कोपराला.

नितीन, ए-५०१
मेधाताईंच्या जाड दांड्याला मोठा इतिहास आहे. ऑक्सो या अमेरिकन कंपनीचं जाड, मऊ मुठीचं सोलाणं १९९० मध्ये आलं. कंपनीचे संस्थापक सॅम फार्बर यांच्या पत्नीला संधिवात होता, नेहमीचं सोलाणं तिला धरवेना, त्यातून त्यांनी ते करून घेतलं. नंतर हात धडधाकट असलेल्यांनीही तेच उचललं. डिझाइन शिकताना हे पहिल्या वर्षी शिकवतात. चांगली मूठ सगळ्यांच्याच सोयीची असते, आपल्या दरवाजाचीही.

शिंदे वहिनी, ए-१०२
तेच तर. मला पण दोन्ही हातांत पिशव्या असल्या की तो दरवाजा उघडत नाही. पण मी बोलले नाही, कारण बोललं की कमिटीला लागतं.

देशमुख (सेक्रेटरी)
वहिनी, कमिटीला काहीही लागत नाही. कमिटी विनामोबदला काम करते, इतकंच नम्रपणे सांगतो.

पाटील, बी-४०३
सायकल स्टँडच्या वेळीही हेच वाक्य होतं 🙏

देशमुख (सेक्रेटरी)
सायकल स्टँडचा विषय इथे नको.

रसिका, बी-२०४
साळुंखे काका, एक अतिशय महत्त्वाचं. वहिनींना मेथोट्रेक्सेट दिलंय का? ती गोळी आठवड्यातून एकदाच असते, ठरलेल्या वारी. रोज घेतली गेली तर जिवावर बेतू शकतं. स्ट्रिपवर स्केचपेनने वार लिहा आणि रोजच्या गोळ्यांच्या डब्यात टाकू नका. त्या गोळीच्या जोडीला दिलेलं फॉलिक अ‍ॅसिड कधी घ्यायचं ते डॉक्टरांनी सांगितलंय तसंच.

साळुंखे, बी-५०२
हो, तीच आहे. बुधवारी. लगेच लिहितो स्ट्रिपवर. मेणाचा शेक चांगला म्हणतात, तो द्यायचा का?

रसिका, बी-२०४
ताठरलेल्या हाताला छान वाटतो, पण पहिल्यांदा माझ्यासमोर करू. सांधा लाल, गरम, सुजलेला असेल त्या दिवशी मेण नको. तेव्हा रुमालात गुंडाळलेला बर्फ. मनगटाला पट्टा लागेल, तो मापाचा करून घ्यावा लागतो. आणि बाथरूममध्ये टॉवेलच्या दांडीला धरून उठायचं नाही, ती दांडी भार घेत नाही. भिंतीत बोल्टने बसवलेला स्टीलचा आधार लावा, चिकटवायचा नको.

गोखले काका, बी-१०१
सगळं ऐकलं. चांगली माहिती. परंतु दाबायचं हँडल लावलं तर कुत्री आत येणार, याला उत्तर कोणीच दिलेलं नाही.

नितीन, ए-५०१
काका, आहे उत्तर. आत्ताच खाली जाऊन बघून आलो. दरवाजा बाहेर उघडतो. म्हणजे बाहेरून ओढावा लागतो, आणि कुत्र्याला ढकलता येतं, ओढता येत नाही. मूठ आणि तिचा खटका काढून रोलरचा खटका बसवायचा, तो नुसतं ओढल्यावर सुटतो. बाहेरून मोठं डी आकाराचं उभं हँडल, त्यात मनगट किंवा कोपर घालून ओढायचं. आतून नुसतं ढकलायचं. रात्रीचं कुलूप आहे तसंच. आणि वर दरवाजा आपोआप बंद करणारा जो क्लोजर आहे त्याचा स्क्रू फारच आवळलाय. दरवाजा हलका करता येतो, फक्त नीट बंद होतो ना ते बघायचं.

गोखले काका, बी-१०१
ओढता येत नाही हे बरोबर आहे. मग माझी हरकत नाही. मिनिट्समध्ये दुरुस्ती करावी.

देशमुख (सेक्रेटरी)
खर्च किरकोळ दुरुस्तीत बसेल, वेगळी मंजुरी लागणार नाही. शनिवारी ११ वाजता सुतार येईल. नितीन, तुम्ही उभे राहाल का? मेधाताई, तुम्हीही या. तुम्ही उघडून दाखवल्याशिवाय त्याचे पैसे देणार नाही. गच्चीच्या दारालाही तसलीच मूठ आहे, तीही बदलू.

मेधा कुलकर्णी, ए-३०४
आभारी आहे देशमुख साहेब. येते. ११ पर्यंत हात मोकळे होतात, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी ७ वाजताही एकदा उघडून बघेन आणि मगच सांगेन.

पाटील, बी-४०३
सुतार येतोच आहे तर पट्टे मारणाऱ्यालाही बोलवा 😀

शिंदे वहिनी, ए-१०२
पाटील, आता पुरे. मेधाताई, सकाळचं दूध मी रोज वर आणून देते. फुगडीचं मनावर घेऊ नका.

मेधा कुलकर्णी, ए-३०४
नाही घेतलं. पण दूध मीच आणीन वहिनी, खाली उतरलं की बरं वाटतं. ज्या दिवशी नाही जमणार त्या दिवशी फोन करेन.

साळुंखे, बी-५०२
मेधाताई, ही विचारतेय, फोमचा पाइप कोणत्या जाडीचा घ्यायचा?

मेधा कुलकर्णी, ए-३०४
चमचा घेऊन दुकानात जा, दांड्यावर घट्ट बसेल तो घ्या. नाहीतर माझ्याकडे उरलाय, तिलाच पाठवा चार वाजता. चहा पण होईल.