माणदेशातल्या मेंढपाळांवरची फिल्म : लोकेशन साउंड की डबिंग?

खरसुंडीचा_माळ : आटपाडी-माण पट्ट्यात छोटी फिल्म करतोय. दुष्काळात मेंढरं घेऊन बाहेर पडलेलं धनगर कुटुंब, तगून राहायची धडपड आणि जाईल तिथं 'तुम्ही कुठलं?' हा प्रश्न. कलाकार तिथलेच, युनिट सहा जणांचं, कळप दीडशेचा. माळावरच्या वाऱ्यामुळे सगळे म्हणतात, पुण्यात डब करा. काय करावं?

बूमवाला : डब करू नका. नवखा माणूस बंद खोलीत ओठ जुळवायला लागला की पुस्तकी बोलतो. माणदेशी हेल गेला तर या फिल्मचं काय उरलं?

कॉलर माइक घोंगड्याखाली नको. लोकर घासून येणारी खरखर नंतर निघत नाही. बंडीच्या आत, हनुवटीखाली वीतभर, मेडिकल टेपने चिकटवा. वायरीला लहानसा वळसा द्या, म्हणजे ओढ माइकपर्यंत जात नाही. बूमला, म्हणजे लांब काठीवरच्या माइकला, नुसता फोम उघड्यावर पुरत नाही, केसाळ कव्हर हवंच. रेकॉर्डरवर 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, लो-कट (खालचे सूर कापणारा फिल्टर) 80 हर्ट्झ, मीटरवर बोलणं उणे 12 डेसिबलच्या आसपास.

संवादाच्या वेळी कळप लांब ठेवा. गळ्यातल्या घाट्यांचा आवाज बोलण्यावर चढला की एडिटमध्ये दर कटला तुटतो. मेंढरांचे आवाज वेगळे घ्या: चरताना, पाण्यावर, वाघरीत (जाळीच्या कुंपणात) कोंडताना, प्रत्येकी तीन मिनिटं. संध्याकाळी कळप परतल्यावर कोकरं आणि आया एकमेकांना हाका मारतात, तो कालवा तर सोडूच नका. त्या गदारोळात प्रत्येक कोकरू आपली आई बरोबर हुडकतं.

कागदपत्र_आधी : दादा, आवाजाआधी परवानगी बघा. फिल्ममध्ये जनावर असेल तर भारतीय पशुकल्याण मंडळाची परवानगी शूटिंगच्या आधी लागते, सोबत पशुवैद्यकाचा तंदुरुस्तीचा दाखला. शूटिंगनंतर त्यांचं ना-हरकत पत्र मिळालं नाही तर सेन्सॉरला फाइल अडते. 'आधी शूट करू, मग बघू' यात छोट्या फिल्मा अडकतात. मेलेलं मेंढरू दाखवायचं असेल तर तारेच्या सांगाड्यावर लोकर चढवून करा.

खरसुंडीचा_माळ : अर्ज आधी करतो. एक प्रसंग चाळकेवाडीच्या पठारावर, पवनचक्क्यांखाली आहे. तिथं?

बूमवाला : पात्यांची घुमघुम लो-कटने कमी होते, जात नाही. शॉटगन माइक, म्हणजे समोरचाच आवाज जास्त धरणारा लांबट माइक, तोही खालचे सूर मागून धरतोच, त्यामुळे नुसतं तोंड फिरवून भागत नाही. वारा पडलेला असताना, शक्यतो पहाटे घ्या, आणि चक्की फ्रेममध्ये दाखवा. दिसली की कानाला खटकत नाही. जागा बदलली की दरवेळी सगळ्यांना गप्प करून मिनिटभर नुसती हवा रेकॉर्ड करा. संवादांमधल्या फटी त्यानेच बुजतात.