स्मरणरंजन, गतकातरता आणि ‘लागणारे’ पिक्चर

‘नॉस्टॅल्जिया’ला मराठीत स्मरणरंजन म्हणतात हे मला बरीच वर्षं खटकत होतं. मूळ शब्द दुखण्याचा आहे. योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्यानं १६८८ साली बाझेलला लिहिलेल्या प्रबंधात तो घडवला. ग्रीक ‘नोस्टोस’ म्हणजे घरी परतणं, ‘आल्गोस’ म्हणजे वेदना. परमुलखात घराच्या ओढीनं झुरणाऱ्यांच्या आजाराचं ते नाव. आपण त्यातली वेदना काढली आणि तिथं चक्क रंजन आणून बसवलं!

मध्यंतरी लहानपणची एक मालिका पुन्हा पाहायला घेतली आणि मत बदललं. शीर्षकगीत सुरू झालं तेव्हा गळा दाटून आला होता. चौथ्या भागात मी घड्याळ पाहत होतो. संवाद संपल्यावरही कॅमेरा चेहऱ्यावरून हलत नाही, भिंती दार आपटलं की थरथरतात, दोन वाक्यांच्या मधे एखादी डुलकी काढून होते. पण बाजूला बसलेल्या बायकोला ‘हा प्रसंग लागला तेव्हा आमच्याकडे कोण कोण बसलं होतं’ हे सांगण्यात माझा तास मजेत गेला. म्हणजे रंजन झालंच, फक्त ते मालिकेनं केलं नाही, स्मरणानं केलं. शब्द तंतोतंत लागू पडला की!

शिवाय ‘रंजन’ हा रञ्ज् धातूचा. रंग, राग, रक्त ही सगळी त्याचीच भावंडं. मूळ अर्थ रंगवणं. आठवण रंगवून पाहणं, असा अर्थ घेतला तर या शब्दाइतका प्रामाणिक शब्द दुसरा नाही. तरी एक अडचण उरतेच. ‘मी नॉस्टॅल्जिक झालो’ हे मराठीत कसं म्हणायचं? ‘मी स्मरणरंजक झालो’ म्हटलं तर लोक मला करमणुकीचा कार्यक्रम समजतील.

* * *

वरचा लेख वाचून एका वाचकाचं उत्तर: त्यासाठी ‘गतकातर’ आहे. ‘गतकातर झालो’ सहज चालतं. कातर म्हणजे मुळात भ्यालेला, पण मराठीत कातर आवाज, कातरवेळ असं म्हणतो तेव्हा त्यात भीतीपेक्षा थरथर आणि व्याकुळता अधिक असते. तुमची हरवलेली वेदना तिथं सापडेल. मी तरी दोन्ही शब्द वेगळे वापरते. मजा येत असेल तर स्मरणरंजन, पोटात खड्डा पडत असेल तर गतकातरता.

* * *

‘हुरहूर’ का नको? साधा, घरचा शब्द.

* * *

हुरहूर पुढच्या गोष्टीचीही लागते. उद्या मुलगी परगावी जाणार, तर आज हुरहूर. मागे वळून पाहणं त्यात असेलच असं नाही. शाकुंतलाच्या पाचव्या अंकात दुष्यंत गाणं ऐकून अस्वस्थ होतो, तिथं कालिदासानं ‘पर्युत्सुक’ शब्द वापरलाय. सुखात असलेला माणूसही काही रम्य पाहून-ऐकून उगाच व्याकूळ होतो, नक्की काय आठवतंय ते कळत नाही, अशी ती अवस्था. हुरहूर तिच्या जवळची. जुन्या मालिकेचं शीर्षकगीत ऐकल्यावर पहिल्या दोन सेकंदांत जे होतं ते हेच. स्मरणरंजन तिसऱ्या सेकंदाला सुरू होतं.

* * *

नामांवर एवढी चर्चा चाललीय, पण खरा बदल क्रियापदात झालाय. मूळ लेखातच पाहा, ‘हा प्रसंग लागला तेव्हा’. पूर्वी पिक्चर लागायचा. छायागीत लागायचं, बातम्या लागायच्या. भूक लागते, झोप लागते, ठेच लागते, तसंच. आपल्या हातात नसलेल्या गोष्टींचं हे क्रियापद. आता आपण पिक्चर लावतो. थिएटरात तो अजून लागतो, घरात मात्र लावावाच लागतो.

लोक जुन्या मालिकांच्या नावानं उसासे टाकतात तेव्हा मला वाटतं, त्यांना ते ‘लागणं’ हवं असतं. २०२०च्या मार्चअखेर टाळेबंदीत दूरदर्शननं १९८७-८८ची ‘रामायण’ मालिका पुन्हा दाखवायला घेतली. डीव्हीडीवर ती केव्हाचीच मिळत होती, ज्याला हवी तो कधीही लावू शकत होता. पण ती ठरल्या वेळी लागली, तेव्हा घरंच्या घरं समोर बसली.

* * *

‘लागणं’ पटलं. पण ‘तेव्हाचं सगळं दर्जेदार’ हे मी ऐकून घेणार नाही. वाईट गोष्टी कोणी पुन्हा लावत नाही, म्हणून चाळणीत चांगल्याच उरतात. आणि चाळणीही न्यायानं चालते असं नाही. १९३१चा ‘आलम आरा’, आपला पहिला बोलपट, त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. तो चांगला होता की कंटाळवाणा, कोण सांगणार? ज्याची प्रतच नाही त्याच्याबद्दल गतकातर व्हायला मात्र काही अडत नाही.

शब्दचर्चाच आहे म्हणून जाता जाता: बोलपट आला म्हणून आधीच्या चित्रपटांना मूकपट म्हणायची वेळ आली. रंग आले म्हणून ‘कृष्णधवल’ लागला. एकपडदा चित्रपटगृहाचंही तसंच. जिवंतपणी या गोष्टींना विशेषण नव्हतं. बरं, मूकपट तरी कुठे मुके होते? पडद्याजवळ बसून पेटी-तबला वाजवायला माणसं असायची.

* * *

मूळ लेखक पुन्हा. ‘गतकातर’ घेतला, आभार. ‘लागणं’ तर डोक्यातून जातच नाहीये. त्याच गोतावळ्यातले आणखी दोन: पडद्यावरच्या ‘मुंग्या’ आणि ‘व्यत्यय’. इतका जड संस्कृत शब्द आमच्या पिढीला शाळेच्या आधी टीव्हीनं शिकवला. प्रक्षेपण थांबलं की पाटी यायची, आणि अर्थ विचारायची गरज नव्हती. आता नुसतं एक वर्तुळ फिरत राहतं. त्याला मराठीत काय म्हणतात, कुणी सुचवा.

काल भाचीला सांगत होतो, आमच्या वेळी एखादा भाग चुकला की चुकलाच, मग दुसऱ्या दिवशी मित्रांकडून गोष्ट ऐकायची. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “पण चुकला म्हणजे त्यांनी काय चूक केली होती?”