पुन्हा: जुलैची सहल, तंबू आणि वादळ

प्रेषक: सुहास (सचिव)

मंडळी, सप्रेम नमस्कार. सहल जुलैच्या पहिल्या शनिवार-रविवारी, इथे कॅनडात आपल्या न्यू ब्रन्सविक प्रांतातल्या शेडियाकला, समुद्रकाठी तंबू ठोकून. भेळेचं सामान माझ्याकडे. वादळासाठी पर्यायी जागा ठरवा, अशी एक सूचना आली आहे. मला गरज वाटत नाही. हुआन, डोरियन, फिओना, आपल्याकडे नाव काढावीत अशी सगळी वादळं सप्टेंबरातलीच.

प्रेषक: मंगलाकाकू, फ्रेडरिक्टन

अरे सुहास, आर्थर राहिलं की! 5 जुलै 2014, शनिवार. म्हणजे तुझ्या सहलीचाच मुहूर्त. 3 जुलैच्या रात्री ते नॉर्थ कॅरोलायनात दुसऱ्या श्रेणीचं (पाचांपैकी) हरिकेन, म्हणजे अटलांटिकवरचं मोठं चक्रीवादळ, म्हणून किनाऱ्याला लागलं. तिथे वर्षात इतक्या लवकर हरिकेन आल्याची नोंदच नव्हती. इकडे पोचेपर्यंत ते हरिकेन उरलं नव्हतं, म्हणून आम्ही सगळे निर्धास्त. पण थंड पाण्यावर आलं की अशा वादळाचा मधला जोर घटतो आणि घेर वाढतो. नोव्हा स्कोशियात ग्रीनवुडला ताशी 138 किलोमीटरचा झोत, आपल्या प्रांतात सेंट स्टीफनला 143 मिलिमीटर पाऊस. जुलैत झाडं पानांनी गच्च, खाली माती भिजून लोण्यासारखी. झाडं तारांवर आणि तारा रस्त्यावर. कित्येक घरांत आठवडाभर वीज नव्हती. गावाबाहेर विहिरीचा पंपही विजेवर, तेव्हा नळ कोरडे, फ्लश बंद. आमच्या फ्रीझरमधला आमरस वितळायला लागला तसा सगळ्या गल्लीला वाट्या घेऊन बोलावलं. शेजारच्या आजोबांनी तो पावाबरोबर खाल्ला, असो.

पर्यायी जागा ठरवच.

प्रेषक: नितीन, मिरामिशी

काकूंना अनुमोदन. आमच्या उपसागराच्या तोंडाशी एस्क्यूमिनॅक आहे. तिथल्या बंदरावर कोळ्यांचं स्मारक आहे, आणि जून म्हटलं की तिथे अजून 1959 चा विषय निघतो. 19 जूनला होड्या सॅमन धरायला बाहेर पडल्या. हे काम रात्रीचं. जाळं सोडायचं, त्याच्याबरोबर प्रवाहात वाहत राहायचं आणि उजाडताना ओढायचं. तेवढ्यात मेक्सिकोच्या आखातात उठून फ्लोरिडा ओलांडलेलं वादळ इकडे वर सरकत होतं. होड्यांवर रेडिओ नव्हते, मग इशारा पोचणार कसा? बरं, वारा वाढतोय हे दिसलं तरी जाळं कापून परत फिरणं सोपं नसतं. सगळी पुंजी त्या जाळ्यात. त्यात ही आपली नॉर्थंबरलँड सामुद्रधुनी उथळ. उथळ पाण्यात लाट पसरत नाही, उभी राहते आणि अंगावर फुटते.

35 माणसं गेली, 22 होड्या गेल्या. हरिकेन म्हणून बघितलं तर ते काही मोठं नव्हतं. सप्टेंबरात त्याच जोराचं आलं असतं तर लोक निदान आभाळाकडे बघून असते, असं मला वाटतं.

जवळच्या बे-सेंट-ॲनचा मुष्टियोद्धा इव्हॉन ड्युरेल, त्याच्याही जवळची माणसं त्यात बुडाली. आदल्या डिसेंबरात माँट्रियलला त्यानं जगज्जेत्या आर्ची मूरला चारदा खाली पाडलं होतं (तरी हरला, ते सोडा). ऑगस्टातल्या फेरलढतीत तो तिसऱ्याच फेरीत संपला. त्याचा जूनशी संबंध लावू नये म्हणतात, मी लावतो.

प्रेषक: स्वाती, हॅलिफॅक्स

आमचं घर श्रीवर्धनचं. 3 जून 2020 ला निसर्ग आलं, त्याच्या आदल्या दिवशीपर्यंत “आपल्याकडे कुठलं चक्रीवादळ, ते तिकडे ओरिसात” हेच चाललं होतं. सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. पत्रा परत घालता येतो, पण सुपारी धरायला वर्षं जातात. सुहासदादा, सहल रद्द करू नका हं. फक्त तंबू झाडाखाली नकोत, आणि जनरेटर कुणी आणणार असेल तर तो उघड्यावर, तंबूच्या तोंडाशी नाही. त्याचा धूर जीव घेतो.

प्रेषक: सुहास (सचिव)

ठीक. मंक्टनला एक हॉल त्या दोन दिवसांसाठी विचारून ठेवला आहे. अनामत मंडळाच्या खात्यातून, खजिनदारांनी बोंब मारू नये. गुरुवारी संध्याकाळी डार्टमथच्या हरिकेन केंद्राचं पत्रक बघून तंबू की हॉल ते कळवतो. शुक्रवारी “आता कुठे वादळ दिसतंय” अशा मेल पाठवू नका, ऊन असलं तरी. काकू, खिचडीचं मोठं पातेलं गणपतीपासून तुमच्याकडे आहे ना? ते घेऊन या.