शोहेई ओनो निवृत्त झाला, तरी जिकडेतिकडे त्याच्याच क्लिपा का?

खटपटी_आई:
लेक (वय १५) ज्युदोला जायला लागल्यापासून घरात एकच जपानी माणूस नांदतोय, शोहेई ओनो. जेवताना तोच, झोपतानाही तोच. ७३ किलो वजनगट, रिओ आणि टोकियोचं सुवर्ण, तीनदा जगज्जेता, सगळं मान्य. पण गडी २०२३ मध्येच निवृत्त झालाय! फ्रान्सच्या तेडी रिनेरची पदकं याच्याहून जास्त, पॅरिसलाही जिंकला, त्याच्या क्लिपा मात्र आमच्याकडे लागत नाहीत. नवरा म्हणतो, 'दिसतो हिरोसारखा म्हणून.' जाणकारांनी उजेड पाडावा.

जुना_ब्राउनबेल्ट:
ताई, दिसण्याचा भाग असेलही, पण तेवढ्यावर भागत नाही हो. हल्लीच्या ज्युदोत बराचसा वेळ पकडीसाठीच झटापट चालते. कॉलर धरू द्यायची नाही, हात झटकायचे, तीन शिदो (दंडाची ताकीद) झाले की माणूस बाद. नवख्याला त्यात काय कळणार, कप्पाळ!

ओनो ताठ उभा राहतो. डाव्या हाताने बाही, उजव्याने मानेजवळची कॉलर. मग ओसोतो-गारी नाहीतर उची-माता, हे त्याचे पाडायचे दोन डाव. काय येणार हे समोरच्याला पक्कं ठाऊक असतं, तरी बिचारा पडतोच.

त्याची उची-माता स्लो करून बघा. सगळे वर जाणारा पाय बघतात, तुम्ही डावा हात बघा. मनगटावरचं घड्याळ बघावं तसा तो बाही वर ओढतो, समोरचा चवड्यांवर येतो, आणि मगच मांड्यांच्या मधून पाय वर जातो. पाठ टेकली, इप्पॉन (पूर्ण गुण), खेळ खलास. रीलला आणखी काय हवं? २०१९ च्या जागतिक स्पर्धेत सहाच्या सहा लढती त्याने अशा इप्पॉननेच मारल्या.

पण लेकाला टोकियोची फायनल अख्खी दाखवा. समोर जॉर्जियाचा लाशा शावदातुआश्विली. चार मिनिटांत निकाल नाही, मग गोल्डन स्कोअर (जादा वेळ, पहिला गुण घेईल तो जिंकला), सगळं मिळून नऊ मिनिटांच्या वर. शेवटी सासाए-त्सुरिकोमी-आशीने, म्हणजे पाय अडवून पाडायच्या डावाने, वाझा-आरी (इप्पॉनच्या खालचा गुण). त्याआधीच्या झटापटीचं रील कोण करणार?

चवड्यावर:
+१. मला रिओची फायनल जास्त आवडते. अझरबैजानच्या रुस्तम ओरुजोव्हला पाडून ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं, आणि चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. वाकून नमस्कार केला, मॅटवरून उतरला. आमच्याकडे जिल्हास्तरावरची पोरं वाझा-आरी मिळाली तरी मैदानभर उड्या मारतात.

तिरकस_काका:
सगळे ओनो ओनो करताय, तोशिहिको कोगा कुठे गेला? बार्सिलोना ऑलिंपिक १९९२, ७१ किलो, डावा गुडघा स्पर्धेच्या तोंडावर दुखावलेला, तरी सुवर्ण. दोघंही टोकियोच्या कोदोगाकुशा या ज्युदो शाळेतच घडलेले. कोगाच्या सेओई-नागेच्या (खांद्यावरून फेकायचा डाव) धुरकट क्लिपा शोधा, मग बोलू.

खटपटी_आई:
सगळ्यांचे आभार. टोकियोची फायनल लावली. लेक तिसऱ्या मिनिटाला 'बोअर आहे' म्हणून उठला. आता उपप्रश्न: काल त्याने सोसायटीच्या लॉनवर धाकट्यावर उची-माता लावली. धाकट्याचं कोपर सोललंय. काय करावं?

जुना_ब्राउनबेल्ट:
मॅटबाहेर टाकाटाकी बंद, हे आधी. आणि धाकट्यालाही क्लासला घाला. पहिले काही आठवडे फक्त उकेमी, म्हणजे पडायचं कसं तेवढंच शिकवतात.