ब्लोअरचा फ्यूज पुन्हा पुन्हा उडतोय, शोध कुठून सुरू करू?

समोरची_काच:
नमस्कार मंडळी. गाडीतल्या ब्लोअरचा ३० अँपिअरचा हिरवा फ्यूज सारखा उडतोय. पहिल्या-दुसऱ्या स्पीडवर कितीही वेळ चालवा, काही होत नाही. चौथ्यावर ठेवला की दहा-पंधरा मिनिटांत हवा बंद. मग एसीही नाही आणि काचेवरचं धुकं घालवायला हीटरही नाही. भर पावसात काच धूसर होते, मागे मुलं बसलेली असतात, जीव टांगणीला लागतो. गॅरेजवाल्याने रेझिस्टर (ब्लोअरचा वेग कमी करणारा भाग) बदलून पाहिला, फरक शून्य. आता तो म्हणतोय ४० चा फ्यूज टाकू. माझं मन धजत नाही. तुम्ही काय तपासाल?

तारजोड:
४० चा अजिबात टाकू देऊ नका. फ्यूज असतो वायर वाचवायला. त्या वायरची जाडी ३० च्या हिशोबाने ठरलेली असते. मोठा फ्यूज घातलात की फ्यूजच्या आधी वायर तापेल, आणि तीही डॅशबोर्डच्या आत, जिथे धूर येईपर्यंत काही कळत नाही.

आता तुमच्या गाडीचं. फ्यूज कधी उडतो, यात अर्धं निदान असतं. किल्ली फिरवताक्षणी उडाला तर वायर थेट बॉडीला लागलीय. खड्ड्यात गाडी आदळल्यावर उडत असेल तर वायर कुठेतरी घासून उघडी पडलीय. तुमचा फुल स्पीडवर, तापल्यानंतर उडतोय, म्हणजे शॉर्ट नाही, ओव्हरलोड आहे. रेटिंगपेक्षा थोडाच जास्त करंट असेल तर फ्यूज बराच वेळ तग धरतो आणि मग जातो. रेझिस्टर बदलून फरक पडणारच नव्हता. साध्या नॉबच्या गाड्यांत फुल स्पीडला करंट रेझिस्टरला वगळून थेट मोटरला जातो.

माझा संशय ब्लोअर मोटरवरच आहे. ग्लोव्हबॉक्स काढा, मोटर उतरवा आणि पंखा हाताने फिरवा. टिचकीसरशी सुटून थोडा वेळ गरगरत राहायला हवा. अडखळला, खरखरला किंवा लगेच थांबला तर बुश, म्हणजे मोटरचा दांडा ज्यांत फिरतो त्या कड्या, गेलेत. जाळीत पानं, काड्या अडकल्यात का तेही बघा. आणि उडालेले फ्यूज फेकू नका. नुसती पट्टी तुटलेली असेल तर जास्त करंट गेलाय. पायाजवळचं प्लास्टिक वितळलं असेल तर सॉकेटची पकड सैल आहे, उष्णता तिथेच तयार होतेय.

निवांत_चालक:
केबिन फिल्टर चोंदला असेल. मोटरला हवा ओढायला जोर लागतो, म्हणून करंट वाढतो. आधी तो बदला.

तारजोड:
फिल्टर जरूर बदला, पण कारण ते नव्हे. या पिंजऱ्यासारख्या पंख्यात उलटं होतं. हवेची वाट अडली की पंखा कमी हवा ढकलतो, काम कमी होतं, करंटही उतरतो. मोटरचा आवाज चढतो, त्यामुळे ती जास्त राबतेय असं वाटतं. फिल्टरच नसेल तर मात्र कचरा थेट पंख्यात जातो.

मीटर_हाती:
एक भर घालतो. मोटरच्या दोन पिनांमध्ये ओहम मोजून ‘शॉर्ट आहे’ म्हणू नका. चांगल्या मोटरचा रेझिस्टन्सही एक ओहमच्या आत असतो, मीटरला तो शॉर्टसारखाच दिसतो. करंटच मोजा. क्लँप मीटर (वायरभोवती चिमटा लावून करंट मोजणारा) डीसी मोजणारा हवा, बऱ्याच स्वस्त क्लँपना फक्त एसी करंट कळतो. मोजण्याआधी झिरो करा आणि एकच वायर चिमट्यात घ्या. दोन्ही घेतल्या तर शून्य दाखवेल.

आणि एसीचं बटण दाबताच दुसराच, १० चा लाल फ्यूज उडत असेल, तर ते दुखणं वेगळं. तिथे कॉम्प्रेसरच्या क्लचची कॉइल आणि तिच्यावरचा डायोड बघायचा.

समोरची_काच:
मनापासून आभार. डीसी क्लँप मिळवला. चौथ्या स्पीडला सुरुवातीला २४ दिसले, मग आकडा हळूहळू चढत ३६ वर गेला. लाल फ्यूज शाबूत आहे. मोटर उतरवली, पंखा हाताने अर्धा फेराही धड फिरत नाही. बुशपाशी गंज आहे आणि मोटरच्या अंगावर पाण्याचे ओघळ सुकल्याच्या खुणा. कनेक्टरची एक पिन तपकिरी झालीय, प्लास्टिक मऊ पडलंय. नवी मोटर मागवतोय. जुना कनेक्टर चालेल का?

तारजोड:
नाही चालणार. तापलेल्या पिनेची स्प्रिंग मेलेली असते, नव्या मोटरवरही ती सैलच बसेल. कनेक्टर तेवढ्याच जाडीच्या वायरसह बदला. काळी पडलेली वायर चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे कापा, क्रिंप करून (पक्कडीने पिन वायरवर दाबून) वर हीटश्रिंक, म्हणजे तापवल्यावर आवळणारी नळी, चढवा.

त्याहून महत्त्वाचे ते ओघळ. वायपरखालच्या जाळीतून पाणी वाहून जायचं भोक पानांनी बुजलं की पाणी ब्लोअरच्या तोंडाशी उतरतं. नवी मोटर बसवण्याआधी ते मोकळं करा, वरून पाणी ओता आणि आत टॉर्च मारून बघा. मोटर बसल्यावर फुल स्पीडवर अर्धा तास क्लँप लावून ठेवा. आकडा स्थिर राहिला पाहिजे. तो इथे टाका, कनेक्टर हाताला किती गरम लागतो तेही लिहा.